चोवीस बायका आणि एकच खांब

अंबाजोगाई
८ नोव्हेंबर २०२५

चि. संस्कृतीस, उज्ज्वलाआत्याचे अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि चहा कडू लागला. गणिताच्या प्रकल्पासाठी गल्लीतल्या चोवीस बायकांना लग्नाच्या वेळचं वय विचारलंस, आणि चोवीसही जणींनी अठरा सांगितलं. म्हणून तुझ्या स्तंभालेखात विजेच्या खांबासारखा एकच खांब. छबुबाई तर म्हणाल्या की अठराच लिव्ह बाई, समद्या तेच सांगत्यात. आणि तुझे सर म्हणतात, विषय बदल, आवडतं फळ घे. त्यांना माझ्यातर्फे एक केळं दे.

बत्तीस वर्षं मी विमा कचेरीत लोकांची वयं लिहिली. वय विचारलं की माणूस सोयीचं सांगतो. म्हणून ते हिशेबानं काढायचं. आजचं वय विचार, थोरल्या लेकराचं वय विचार आणि ते लग्नानंतर किती वर्षांनी झालं तेही विचार. मग वजाबाकी कर आणि नव्यानं ताळ्याच्या खुणा मांड. पट्टी सरळ धर. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर तिरक्या रेघेला त्याच पट्टीनं उत्तर द्यायच्या.

पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस की तीस तारखेला तुझ्या ताईचं, राजनंदिनीचं लग्न आहे, आणि तिनं अकरावीची पुस्तकं तुझ्याकडे सांभाळायला दिली. ही बातमी शेवटी लिहितात का, पोरी? तुझा बाप सुग्रीव पाहुण्यांना अठरा पूर्ण म्हणतो. ती जन्मली तेव्हा दवाखान्यात मी होते, जुलै २००९ मध्ये. फोन केला तर त्यानं उचलला नाही. लग्न मोडलं नाही तर चाइल्डलाइनला, १०९८ वर फोन करीन, भाऊ असला तरी. त्याआधी तुझी आई काय म्हणते ते कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
आत्या


चौसाळा
१५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. आता चौदावर पाच, पंधरावर नऊ, सोळावर सहा, सतरावर दोन आणि अठरावर एक खूण आहे. वजाबाकी झाली की बायका विषय बदलतात. छबुबाईंनी तर मला गूळ-शेंगदाणे दिले आणि कुणाला सांगू नको म्हणाल्या.

चोविसावी आई. तिचं वय बत्तीस. ताई लग्नानंतर वर्षभरानं झाली. ताईचं वय मी अप्पा सांगतात तेच, अठरा, धरलं. उत्तर तेरा आलं. तेराचा खाना माझ्याकडे नव्हताच, तो नवा आखावा लागला. माझं काही चुकलं का? आईनं तक्ता बघितला आणि तव्यावरची भाकरी करपली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताईही बोलत नाही.

लवकर लिही.

तुझी संस्कृती


चौसाळा
२२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईंना, सत्यभामाचा शि. सा. न.

पोरीनं माझी खूण तेरावर मारली. दोन दिवस मी तो तक्ता धान्याच्या डब्यामागं लपवला. तिसऱ्या दिवशी हे जेवायला बसले, तेव्हा काढून समोर ठेवला. मी म्हणाले, मी तेराची नव्हते, पंधराची होते, नववीची सहामाही देऊन आलते. संस्कृतीनं लगेच विचारलं, मग ताई किती वर्षांची? यांचा घास हातातच राहिला. ताई, एवढ्या वर्षांत मी यांच्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. सोळा, मी म्हणाले.

त्याला चार दिवस झाले. आज सकाळी हे पाहुण्यांकडे गेलेत. जाताना सांगितलं नाही, पण पत्रिकांचा गठ्ठा सोबत नेलाय. वाटायला नेला की परत द्यायला, कळत नाही. अजून आले नाहीत.

संस्कृतीनं माझी खूण पंधरावर नेली. तेराचा खाना तिनं खोडला. राजनंदिनी तक्त्याकडे बराच वेळ बघत बसली. मग उठली आणि संस्कृतीकडून अकरावीची पुस्तकं परत मागून घेतली.

लोभ तुमचा आहेच, पण या वेळी नुसत्या लोभानं भागायचं नाही. तीस तारखेच्या आत तुम्ही या.

तुमची,
सत्यभामा