कांद्याऐवजी फडकं

मांडवी, रत्नागिरी

प्रिय दादा,

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. लिहायला बसले कारण दुपारी लॉरीवरचा तुझा जोडीदार बापू भेटायला आला, आणि त्याच्या खांद्यावरच्या पंच्याला तोच वास होता. पेट्रोलचा. बोलता बोलता तो पंचा सारखा नाकाशी नेत होता.

तो वास मला आधी आवडायचा, खरं सांगते. पावस गावाहून आंबे भरून तुझी लॉरी आली, की अंगणात वास आधी यायचा, तू मागून. टाकीतलं पेट्रोल रबरी नळीला तोंड लावून ओढायचास, तेव्हाच तुला त्याची चटक लागली ना? मग उशाशी पेट्रोलने भिजलेलं फडकं आलं. विचारलं तर म्हणालास, "गो यमू, डोकं ठणकतं. ह्याच्या वासानं जरा बरं वाटतं." आणि मी शहाणी! बाटलीतून रोज फडकं भिजवून देत गेले.

तू उगाच हसायचास, भिंतीवर माणसं दिसतात म्हणायचास. हात थरथरायचे, जेवण जात नव्हतं. आईला वाटलं, बाहेरची बाधा; तिने वाडीच्या राखणदार देवाला नारळ दिला, गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं. एकदा तरी खरं सांगायचं होतंस रे! तुझा राग येतो, मग माझाच येतो.

त्या सकाळी तू ओसरीवर कोसळलास. तुला हुंगवायला आई कांदा फोडायला आत धावली. मी मात्र फडकं उचललं. तुला त्यानेच बरं वाटायचं ना? चांगलं भिजवलं आणि नाकाशी दाबून धरलं. आई कांदा घेऊन आली तोवर तुझा श्वास थांबला होता.

डॉक्टरांना मी काय केलं ते सांगितलं. ते म्हणाले, ही वाफ नशा चढवते, मेंदू नासवते, आणि धडधाकट माणसाचं काळीजही एका क्षणात बंद पाडते. मग हळूच म्हणाले, "बेशुद्ध माणसाला मोकळी हवा द्यायची, बाई."

वाडीत म्हणतात, राखणदाराने नेला. फडक्याचं मी कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा बोलले नाही.

पण बापूला दोन मुली आहेत, दादा. उद्या तो लॉरी काढायच्या आत मी त्याच्या दारात जाणार. नुसतं सोड म्हटलं तर हसेल, तुझ्यासारखाच. म्हणून ते फडकं तुझ्या नाकाशी कोणी धरलं होतं, ते त्याला सांगणार, त्याच्या बायकोसमोर. आणि तिथून घरी येऊन आईला.

तुझीच,
यमू