बावीस ट्रक आपल्या अंगणात

बुधवार पेठ, पुणे
२४ ऑक्टोबर २००२

तीर्थस्वरूप आईंना दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा तर आमच्या ऑफिसात पाय जिन्यात जातील, म्हणून पत्रातूनच.) आपले गुडघे कसे आहेत? तेल चोळता ना? मी ठणठणीत आहे. खानावळीची आमटी पचवतो आहे, यावरून काय ते समजा. पूर्णिमाची तब्येत विचारत नाही, कारण दर रविवारी फोनवर ती "बरी आहे" म्हणते, मी "बरा आहे" म्हणतो, आणि मग आम्ही दोघं फोन ठेवतो.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात दोन दिवस आर्वीला आपल्या अंगणात बावीस ट्रक उभे होते. घाबरू नका, तुळशीला धक्का लागलेला नाही. ट्रक कात्रजलाच होते, पण आमच्या यंत्रांचं म्हणणं तसं नव्हतं.

ही यंत्रं म्हणजे तळहाताएवढ्या डब्या. ट्रकमध्ये बसवली की आकाशातल्या उपग्रहांचं ऐकून ट्रक कुठे आहे ते मालकाच्या कॉम्प्युटरला कळवतात. पण सुरू झाल्या झाल्या डबीला काही ऐकू येत नाही (सकाळी चहाआधी मलाही येत नाही). म्हणून प्रत्येक डबीत सेटिंगची एक फाइल घालतात. किती मिनिटांनी निरोप द्यायचा, घड्याळ कुठलं धरायचं, आणि उपग्रह सापडेपर्यंत आपण कुठे आहोत असं समजायचं, हे सगळं तीत लिहिलेलं असतं. या फायली सांभाळणं हे माझं काम. त्यांची नावं 'शेवटची', 'शेवटची-२', 'खरीच शेवटची' अशी आहेत. 'खरीच शेवटची'नंतर आणखी पाच झाल्या.

आता आपल्याला आठवत असेल, गेल्या वर्षी मे महिन्यात मी भर दुपारी आपल्या अंगणात डोक्यावर डबी धरून अर्धा तास उभा होतो. आपण पूर्णिमाला विचारलंत, "जावईबापू काय करून राहिले जी उन्हात?" आणि ती इतकी हसली, की तिच्या हातातलं पन्हं सांडलं. अंगणाचा नेमका ठावठिकाणा मी तेव्हा घेतला, उगाच, गंमत म्हणून. पुढच्याच महिन्यात तिला आर्वीच्या शाळेत कायमची नोकरी लागली. तिने विचारलं, "जाऊ का?" मी म्हटलं, "जायचं तर जा. इथे कुणाचं काय अडलंय?" (आम्ही पुण्याचे. जिथे दोन गोड शब्द पुरतात तिथे आम्ही एक कडू वापरतो.) ती गेली. तेव्हापासून माझं सगळंच अडलं आहे, पण हे फोनवर सांगायला तोंड उघडत नाही.

मग मी एक उद्योग केला. माझ्या टेबलावरच्या डबीच्या फाइलमध्ये पुण्याच्या जागी आपलं अंगण घातलं. सकाळी खिडकी लावून घ्यायची आणि डबी सुरू करायची. आकाश दिसेपर्यंत ती बिचारी समजते, आपण आर्वीला आहोत. मीही तिला काही बोलत नाही. मग साहेब येतात, खिडकी उघडतात, आणि आम्ही दोघं बुधवार पेठेत परत येतो.

घोटाळा दसऱ्याने केला. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रपूजा असते. स्क्रूड्रायव्हर, कॉम्प्युटर, सगळ्यांची. मी माझ्या दोन फ्लॉप्या पाटावर ठेवल्या, एक गिऱ्हाइकाच्या फाइलची, एक माझ्या आर्वीच्या फाइलची. आमचे शिपाई दत्तोबा भाविक माणूस. त्यांनी ओल्या बोटाने दोन्हींच्या नावांवर असं दणदणीत कुंकू लावलं, की शाई विरघळून दोन्ही सारख्याच सौभाग्यवती झाल्या. दुसऱ्या दिवशी घाईत मी त्यातली एक उचलली आणि बावीस डब्यांत ती फाइल भरली. देवाचं नाव घेऊन भरली, तपासून नाही.

ट्रकचे मालक पृथ्वीराज कात्रजचे. त्यांचे ट्रक पत्र्याच्या शेडमध्ये उभे असतात, तिथून आकाश कुठलं दिसायला? डब्या उपग्रह शोधत राहिल्या आणि तोवर आर्वीच सांगत राहिल्या. त्यांचा फोन आला, "अहो, गाड्या माझ्या डोळ्यांम्होरं उभ्या हायत, आन् तुमचा कॉम्प्युटर म्हणतो वर्धा जिल्ह्यात हायत!" साहेब मला एवढंच म्हणाले, "दत्तप्रसाद, प्रगती आहे. ट्रक न हलवता सहाशे किलोमीटर नेलेत."

मी बावीस केबिनमध्ये चढलो, बावीस वेळा फाइल बदलली. पृथ्वीराज खाली उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, आर्वीची ती जागा कुणाची. खोटं सुचेना, म्हटलं, सासुरवाडी आहे, बायको तिथे असते. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग जावा की. मंगळवारी आपली गाडी जाती नागपूरला." आई, मला रडू यायला लागलं हो. मी ते केबिनमधल्या धुळीवर ढकललं.

बाकी क्षेम. पूर्णिमाला हे पत्र दाखवू नये.

आपला,
दत्तप्रसाद

ता. क. दाखवलंत तरी चालेल.

ता. क. २. परसातली कापसाची खोली सध्या रिकामी आहे का? शाळेतला कॉम्प्युटर दोन वर्षं प्लास्टिकखाली झाकलेला आहे, असं पूर्णिमा म्हणाली होती. तो उघडणारा माणूस आर्वीत मिळत नसेल तर एक जण माझ्या माहितीत आहे. तो उन्हात अर्धा तास उभा राहू शकतो.

ता. क. ३. राजीनामा लिहून ठेवला आहे. फाइलचं नाव 'खरीच शेवटची-७'. अजून दिलेला नाही. पूर्णिमा फोनवर "या" एवढंच म्हणाली तरी देईन. रविवारी ती नेहमीप्रमाणे "बरी आहे" म्हणाली, तर आपण शेजारी उभं राहून तिला जरा कोपर मारावं.