बेडूक अजून ओरडले नाहीत

सेंत-ओर्तांस,
२६ मार्च १९६२

ती. जर्मेनताईस,
अल्सीदचा सा. न. वि. वि.

उशीर झाला म्हणून रुसू नकोस. रस सुरू झाला आहे. रात्री गारठा, दिवसा ऊन. मेपलची झाडं नुसती धो धो गळताहेत. बाबांनी हमरस्त्यावर पाटी लावल्यापासून दर रविवारी क्वेबेकची बस आपल्या दारात थांबते. बाबा घरात प्रवाशांसाठी अंडी नि डुकराचं मांस तळतात, मी गुऱ्हाळात काइलीपाशी रस आटवून पाक करतो. बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून मोठमोठी माणसं पोरांसारखी चाटत उभी असतात. बाबांनी मात्र ईस्टरपर्यंतच्या उपासात गोड सोडलंय. पाकाला बोटसुद्धा लावत नाहीत!

कॉलेजचं विचारू नकोस. लॅटिनच्या फादरनी भर वर्गात मला ओंडका म्हटलं, मी पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटून निघून आलो. बाबा एवढंच म्हणाले, की ओंडके इथेही लागतातच, चूल मोठी आहे.

आता खरी बातमी. बसबरोबर लिझेत येते. माणसं उतरवायची, जेवू घालायची, पुन्हा गोळा करून न्यायची, हे तिचं काम. काल समोरच्या गुऱ्हाळवाल्या पूलिओचा पोरगा तिचा दंड धरून बस त्यांच्या दारात वळवायला बघत होता. मी त्याच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतली. ती मला म्हणाली, की असं पाणी माणसानं आधी स्वतःच्या डोक्यावर ओतून बघावं. ताई, मी तिथेच खलास!

पण बेडूक ओरडले की सगळं संपलं. कळ्या फुगतात, रस नासतो, झाडांना ठोकलेल्या तोट्या काढायच्या नि बस बंद. मग ती उन्हाळाभर समुद्राकडच्या गाड्यांवर जाणार. त्याआधी बोलायला हवं. आणि ती समोर आली की माझी जीभ गोठते. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून रोज संध्याकाळी मलाच विचारतात, बेडूक ओरडले का? अजून नाही, देवाची कृपा.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अल्सीद


माँट्रियल,
२ एप्रिल १९६२

चि. अल्सीद यास,
जर्मेनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी हसले आणि तुझे दाजी घाबरले. त्यांचं म्हणणं, मेव्हण्यानं निदान एका हंगामात एकच बादली ओतावी.

फादरपुढे तुझी जीभ सुटते, पूलिओच्या पोरापुढे हात सुटतो, आणि एका मुलीपुढे दातखीळ बसते? अरे वेड्या, रविवारी सरळ सांग तिला. फार तर नाही म्हणेल. नाही म्हटल्यानं कुणी मरत नाही. तुझे दाजी दोनदा ऐकून जिवंत आहेत. आणि बाबांच्या म्हाताऱ्या जिवाला ताप होईल असं काही करू नकोस. आई गेल्यापासून तो रस्त्यावरचा थांबा हाच त्यांचा विरंगुळा आहे.

काय झालं ते कळव. जेवणाची हेळसांड नको.

तुझी,
ताई


सेंत-ओर्तांस,
१६ एप्रिल १९६२

चि. सौ. जर्मेन हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाला भुतानं झपाटलंय का, ते तूच सांग. तुला तो सगळं लिहितो.

काल बस आली. पानांत धिरडी वाढली, त्यावर अल्सीदनं ताजा पाक ओतला. पहिल्या घासाला सगळ्यांनी काटे खाली ठेवले. मग एका बाईनं अगदी नम्रपणे विचारलं, की काइलीत कुणाचा मोजा पडला का? मी उपास मोडून चमचा तोंडात घातला. कळीचा रस! माझ्या आयुष्यात असला पाक या घरानं कुणापुढे ठेवला नव्हता. मी बाहेर जाऊन झाडं पाहिली. कळ्या टम्म फुगलेल्या. दामटून विचारलं तेव्हा कबूल झाला, की आठवडाभर बेडूक ओरडत होते आणि मला रोज नाही म्हणून सांगत होता.

साठवणीतले चांगले डबे फोडून प्रवाशांची तोंडं गोड केली. पण बसबरोबरच्या मुलीनं ताट बदलू दिलं नाही. तिनं ती घाण शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, अल्सीदकडे बघत, आणि मग बसमध्ये जाऊन बसली. तेव्हापासून हा जेवत नाही. पाकानं पोट बिघडलं असेल म्हणावं, तर यानं खाल्लाच नव्हता.

जावईबापूंस आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेवा.

तुझे,
बाबा


सेंत-ओर्तांस,
२४ एप्रिल १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र पोचलं. खरं आहे सगळं, मी गाढव आहे. मला वाटलं होतं, आणखी एक रविवार मिळाला तर बोलेन. मिळाला, नि तोही असा घालवला. बाबांची मी पाय धरून माफी मागितली. ते म्हणाले, की पाय सोड आणि बादल्या धुवायला घे.

तर काल, ईस्टरच्या सोमवारी, मी अंगणात बादल्या घासत होतो. साधी टपालाची बस थांबली आणि एकटी लिझेत उतरली. प्रवासी नाहीत, काही नाही. बाह्या वर सारून माझ्यासमोर बसली. म्हणाली, की तिचं आजोळ गुऱ्हाळवाल्यांचं आहे. बसमधून उतरतानाच तिला वास आला होता. असला रस एक तर मूर्ख उकळतो, नाही तर ज्याला हंगाम संपायला नको असतो तो. तू त्यातला कोण, ते ऐकायला आलेय, म्हणाली.

मी सांगितलं, ताई. सगळं. कसं ते तुला लिहिणार नाही.

तिनं ऐकून घेतलं, मी घासलेली बादली उन्हात धरून बघितली आणि परत घासायला दिली. संध्याकाळच्या बसमध्ये चढताना म्हणाली, की रविवारी आमच्याकडे जेवायला ये. अख्ख्या बसला तो पाक वाढणारा माणूस आजोबांना बघायचाय.

म्हणजे या रविवारी बसमधून उतरणारा मी असणार! ताई, दाजी पहिल्यांदा आपल्याकडे आले होते, तेव्हा बाबांनी त्यांना काय काय विचारलं होतं? आणि त्यांनी काय उत्तरं दिली? सगळं उलट टपाली कळव. शनिवारच्या आत.

घाईत आहे, तरी लोभ नेहमीसारखाच दाट.

तुझा,
अल्सीद