समासातली चित्रं

प्रिय छोट्या,

तुझे केस पांढरे झाले तरी मी तुला छोट्याच म्हणणार. तक्रार असेल तर बायकोकडे कर. फोन हाताशी असताना ताईला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुला वाटेल. सुचलं खरं. खिडकीवरचं ते सरकतं कापड बाजूला केलंय आणि ऊन सरळ कागदावर आलंय. समासात मधेमधे बारीकसारीक चित्रं दिसतील. शब्द हुडकत बसण्यापेक्षा वस्तू काढून टाकली की काम भागतं. हसू नकोस, तुझाच गुण लागलाय.

पुस्तकाचं तुझ्या कानावर आलं असेलच. माणूस चित्रांतून विचार कसा करतो, हा त्याचा विषय. तो मी कुठून उचलला हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? सभेला जाण्याआधी मी जेवताना तावातावाने बोलायचे आणि तू काही न बोलता पुड्याच्या कागदावर काहीतरी रेघोट्या ओढायचास. पाणीकपातीच्या सभेसाठी तू जिना काढला होतास. वरच्या पायरीवर भरलेली टाकी, तळाशी रिकाम्या बादल्या आणि मधल्या पायरीवर पाठ फिरवून बसलेला साहेब. मी व्यासपीठावर तो जिना एकेक पायरी उतरत गेले. लोक म्हणाले, बाईंना कागद लागत नाही! कागद लागायचाच, फक्त त्यावर अक्षर नसायचं. हे सगळं लिहावं असं कितीतरी वर्षं मनात होतं.

अपुरं पुस्तक लोकांपुढे ठेवायची कल्पना आमच्या प्रकाशक पोरीची. तिला मी 'घाई' म्हणते. ती म्हणाली, ताई, पूर्ण व्हायची वाट बघाल तर मी म्हातारी होईन. होईल ते प्रकरण वेबसाइटवर टाकत जाऊ, वाचक शेजारी शेरे लिहितील, त्यावरून तुम्ही पुढचं लिहा. मला ते मनापासून पटलं. विचार म्हणजे काही देव्हाऱ्यात बसवलेली मूर्ती नव्हे. मी आयुष्यभर समोरच्यांचे चेहरे बघून पुढचं वाक्य ठरवत आले. मग पुस्तकानेच दार लावून का बसावं? ज्याला चुकायची लाज वाटते त्याने तोंड उघडू नये, हे मी भर सभेत ओरडून सांगितलेलं आहे.

आणि वाचक आले रे! एक निवृत्त गणित मास्तर प्रत्येक स्वल्पविरामाला कानाला धरून उभं करतात. 'चष्मिष्ट' नावाने लिहिणारा एकजण माझ्या आकृत्या उलट्या करून पाठवतो आणि विचारतो, बाई, आता तुमचं म्हणणं खरं की माझं? एकीने कळवलं की दुसरं प्रकरण वाचून तिने मुलाला भूमिती शिकवली आणि घरात पहिल्यांदाच भांडण झालं नाही. मी खूश होते. सकाळी उठून चहाच्या आधी शेरे वाचायचे.

चौथ्या प्रकरणापासून वाहवा वाढली. मजकुरात मी वस्तूंची नावं लिहायची सोडून मधेच चित्रं काढू लागले होते. 'मग हे घेऊन कापड कापायचं' असं वाक्य आणि 'हे'च्या जागी चित्र. मास्तरांनीसुद्धा लिहिलं की आशय आणि आकार इतके एकजीव झालेले त्यांनी पाहिले नाहीत. चित्रांवरच्या पुस्तकात शब्दांनी हळूहळू चित्रांना जागा करून द्यावी, काय योजना आहे! घाई तर नाचायचीच बाकी होती. मी सगळ्यांचे आभार मानले. योजना, म्हटलं, होय, योजनाच.

पाचव्या प्रकरणावर एका बाईंचा शेरा आला. नाव नव्हतं. त्यांनी फार जपून लिहिलं होतं: पहिल्या प्रकरणात लेखिका ज्या वस्तूंची नावं सहज लिहितात, त्याच वस्तू आता काढून दाखवतात किंवा त्यांचा उपयोग सांगतात. हे मुद्दाम असेल तर मला माफ करा. माझे वडील असंच करायचे. आधी आम्हाला ते विनोद करताहेत असं वाटायचं.

छोट्या, तो शेरा वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यासमोर उभी राहून एकेका वस्तूवर बोट ठेवत नाव घेऊ लागले. पातेलं. झारा. चाळणी. किसायचं ते. तिथे थांबले. ते हातात धरून उभी राहिले. काय करतात ते ठाऊक, कुणी आणलं ते ठाऊक, त्याच्यावर बोट कापलं होतं तेही ठाऊक, आणि नावाच्या जागी भिंत. पोलिसांच्या लाठीसमोर मी कधी खाली बसले नव्हते. त्या दिवशी मी खाली फरशीवर बसले.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. वाचनालय बंद करू नका म्हणून सभा झाली, त्यात मी एका वाक्याच्या मध्यावर गप्प झाले होते. लोकांना वाटलं बाई परिणामासाठी थांबल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी थांबले नव्हते रे, अडकले होते. त्या टाळ्यांच्या आड मला दुसरा शब्द सापडला आणि मी पुढे गेले. सगळे म्हणाले, आजवरचं सर्वांत उत्तम भाषण. मी कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायले आणि स्वतःला सांगितलं, वय झालं, दमले असेन.

आता घाईला सहावं प्रकरण हवंय. त्यात काय लिहू? जे माझं कर्तृत्वच नाही त्याची वाहवा मी खिशात घालू? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला चव्हाट्यावर आणलं असतं. पण खरं लिहायला बसले की पेन खाली ठेवते. ज्यांना मी आयुष्यभर झोडपलं ते म्हणतील, बाईचं डोकं गेलंय, आधीपासूनच गेलं असणार. आणि शत्रूंचं सोड, आपली माणसं काय करतील? माझं प्रत्येक वाक्य कान टवकारून ऐकतील, कुठे अडखळते ते बघायला. मी बोललेल्याचा अर्थ कुणी बघणारच नाही. मला आजाराची भीती आहेच, पण लोकांनी माझ्याशी वाद घालायचं सोडून द्यावं, याची त्याहून जास्त आहे. खरं तर अजून आजार आहे की नाही हेही मला माहीत नाही. कदाचित शीणच असेल. रोज सकाळी तसंच म्हणते, आणि दुपारपर्यंत एखादा शब्द हातचा जातो.

या पत्रात कितीदा अडले ते तुला समासात दिसतंच आहे. आता लिहिते कशासाठी ते सांगते. मेंदूच्या डॉक्टरांची तारीख मी दोनदा घेतली आणि दोनदा मोडली. तिसरी पुढच्या बुधवारी आहे. तिथली बाई म्हणाली, घाबरण्यासारखं काही नाही, आम्ही चित्रं दाखवतो, तुम्ही फक्त नावं सांगायची. फक्त! मला एकटीने तिथे जाववत नाही. तू ये. मंगळवारी संध्याकाळीच ये. बुधवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत बस, आणि मी अडकले तर ओठ हलवू नकोस, खूण करू नकोस, कितीही जीव तुटला तरी सांगू नकोस. मला खरं काय ते कळायला हवं. ते कळलं की सहावं प्रकरण मी लिहीन, माझ्या नावाने, जे असेल ते. येणार असलास तर चिठ्ठी टाक किंवा मेसेज कर. फोन मात्र करू नकोस. फोनवर माझे हातवारे तुला दिसणार नाहीत.

तुझीच,
ताई