खोट खोक्यात होती, भगवान

प्रिय भगवान,

आज दुकान उघडलं नाही. काल जऊळक्याला जयंतीच्या गायनात तुझा स्पीकर वाजला, आणि तेव्हापासून रंधा हातात धरवत नाही. आधी तुला लिहितो.

तुझं मागणं ते काय होतं रे! गायनाला तू लावायचास त्या भोंग्यातून गाणाऱ्याचा आवाज गावभर जायचा, पण ढोलकीचा घुमारा मांडवातच विरायचा. म्हणून अकोल्याहून एका जुन्या टॉकीजचा पंधरा इंची स्पीकर मांडीवर घेऊन एस.टी.नं आलास. त्याच्या कागदी पडद्यावर तळवा टेकवून म्हणालास, "पाह्य दादा, कसा नरम हालते! अन् चुंबक केवढं भारी. हाच पाह्यजे."

खोका मी करायचा होता. इंचभर जाड सागवान, आतून आडवे टेकू, कुठं फट नको. कोळशानं भिंतीवर सगळं काढून दिलंस. आणि मी? हातात लग्नाच्या पलंगांचं काम होतं, अंगात कंटाळा होता. देवदाराच्या पातळ फळ्या ठोकल्या, टेकू घातलेच नाहीत, वरून काळा रंग मारला. आत कोण पाहतो!

केनवडच्या गायनात तो खोका पत्र्यासारखा खडखडला. गायनपार्टीचा म्होरक्या सगळ्यांसमोर तुला हसला, "बाबू, तुले स्पीकरातलं काई समजत नाई. कायले या नादी लागतो?"

तू माझ्याकडे वळलास. "दादा, खोका बराबर हाय ना?"

मी म्हणालो, "माह्या खोक्यात खोट नाई. तुहा स्पीकरच खराब हाय."

तू विश्वास कसा ठेवलास रे? भांडायचं तरी! त्यानंतर वर्षभर स्पीकर बदलत राहिलास, आणि शेवटी नाद सोडून नुसते भोंगे लावू लागलास. मग कावीळ झाली. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून होतो. तेव्हाही खरं सांगितलं नाही, आणि तू गेलास.

गेल्या महिन्यात तुझ्या कमलनं तो खोका दुकानात पाठवला. "भाऊजी, याचे पाट करून टाका. माह्याच्यानं पाहवत नाई."

मोडायला घेतला आणि माझंच काम समोर उघडं पडलं. मग सागवान आणलं. तू सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, हेच तर वाईट! टेकू घातले, सांधे सरसानं भरले, कमलनं जपून ठेवलेला तुझा तो पहिला स्पीकर बसवला.

काल ढोलकीवर पहिली थाप पडली आणि कनातीबाहेर चहा ओतणाऱ्याचा हात थांबला. तुझी पारख खरी होती, भगवान. पहिल्या दिवसापासून खरी होती.

कमलनं रडत हात जोडले. "भाऊजी, तुमी याईचं सपन पुरं केलं." मी तिथून उठून गेलो. अशी शाबासकी कशी घ्यायची?

उद्या सकाळी तिच्या दारात जाऊन खरं काय ते सांगेन. मग केनवडला जाऊन, जे हसले होते त्यांच्यासमोर सांगेन. त्यानंतर कमल मला भाऊजी म्हणेल की नाही, ठाऊक नाही. तरी जाईन.

तुझ्याशी खोटं बोललेला,
दादा