पुढच्या खुर्चीवर डिंपलने बसावे

मी, श्रीमती सुनंदाबाई शालिग्राम वाघुळदे, वय एकाहत्तर, राहणार भुसावळ, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणी न सांगता लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. एवढे लिहितानाही गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आले. यजमान गेल्यापासून तसे होते. त्याने या लिखाणाला बाध येत नाही.

१. माझे यजमान कै. शालिग्राम रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांचा काळा कोट नात ऋतिका हिला द्यावा. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते हॉलमध्ये कोणी नसताना तिकीट मागू लागले. जुनी सवय म्हणून आम्ही हसलो. मी विचारले, "अहो, किती जण आहेत?" म्हणाले, "तीन बाया अन् एक पोरगी. पोरीचं अर्धं चालेल." ऋतिका एसटीचे जुने तिकीट पुढे करायची, "आबा, आधी माझं बघा." तिने त्यांना कधी खोटे पाडले नाही.

२. भरीत ठेचायची लाकडी बडगी जाऊबाई झुंबरबाई यांना. ती चार हिवाळ्यांपासून त्यांच्याकडेच आहे, आता मागणार नाही. दीर अमृत यांना काही ठेवलेले नाही. बाहेरची बाधा म्हणून त्यांनी भगत आणला, आणि यजमानांनी त्यालाही तिकीट मागितले.

३. बँकेतील ठेव डिंपल (सून) व ऋतिका यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

४. मला कधी नसलेली माणसे दिसू लागली, तर दवाखान्यात आधी यजमानांचा आजार सांगावा. ते एकदा रात्री ओरडू लागले म्हणून त्यांना शांत करायचे इंजेक्शन दिले. या आजारात तसली औषधे सोसत नाहीत. ते लाकडासारखे ताठ झाले, पुन्हा चालले नाहीत. देणाऱ्याला दोष देत नाही. तेव्हा आजाराचे नाव आम्हालाच माहीत नव्हते.

५. राग आहे तो एका खुर्चीचा. जळगावला म्हणा, कुठेही म्हणा, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर मुलगा कुंदन बसे. मी मागे, फाईल आणि पाण्याची बाटली घेऊन. विचारायचे त्याला, सांगायचा तो. "सकाळी शब्दकोडं सोडवतात, दुपारी बाथरूमचं दार सापडत नाही. नाटकं करू राह्यले बाबा." एका डॉक्टरांनी म्हातारपण सांगितले, दुसऱ्यांनी बारीक पावले पाहून कंपवात. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी कुंदनच्या खांद्यावरून मागे पाहिले. "बाई, तुम्ही सांगा. झोपेत हातपाय झाडतात का?"

मी म्हटले, बारा वर्षांपासून. स्वप्नात कोणाच्या तरी मागे धावायचे, ओरडायचे, लाथ बसायची. म्हणून मी स्वयंपाकघरात झोपायचे. लोकांना वाटे आमचे पटत नाही. विचारले कोणी नाही, म्हणून सांगितले नाही.

डॉक्टरांनी मला पुढे बसवले. मग म्हणाले, मेंदूत एका प्रथिनाच्या बारीक गाठी साठतात, त्यांना ल्युई बॉडी म्हणतात. माणसे दिसणे, घडीत शुद्ध घडीत गोंधळ, चाल बिघडणे, झोपेतले झाडणे, हे सगळे एकाच आजाराचे. झोपेतले पुष्कळदा कितीतरी वर्षे आधी सुरू होते.

६. राहते घर माझ्या नावावर आहे. ते कुंदन व डिंपल यांना समान हिश्शाने. परंतु गेल्या महिन्यापासून डिंपलची गादी स्वयंपाकघरात असते. मी विचारले तर म्हणाली, "खोलीत गरम होतं, आई." थंडी एवढी की मी स्वेटर घालून लिहीत आहे. तिने दंडावरचा काळानिळा डाग पदराखाली घेतला. कुंदनने तिला जागेपणी कधी बोटही लावलेले नाही, हे मला माहीत आहे.

झोपेत असे झाडणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही, घराण्यात उतरतोच असेही नाही, हे डॉक्टरांनीच सांगितले. तरी कुंदनने धुळ्याला जावे. डिंपलने सोबत जावे, पुढच्या खुर्चीवर तिने बसावे, विचारलेले तिने सांगावे. कुंदनने मागे फाईल धरावी. तो न गेल्यास त्याचा हिस्साही डिंपलचा. मी असताना गेला, तर ही अट मी स्वतः खोडीन.

माझे भाऊ योगराज यांनी अंमल करावा.

हे सर्व सही करण्याआधी दोघांना वाचून दाखवले. कुंदन म्हणाला, "आई, हे मृत्युपत्र आहे की धमकी?" मी म्हटले, "दोन्ही समज." तो उठून बाहेर गेला. डिंपलने मला हळूच विचारले, "धुळ्याची पहिली बस कितीला आहे?"

सही: सुनंदाबाई शालिग्राम वाघुळदे

आमच्यासमोर सही केली:
१. योगराज (भाऊ), जामनेर
२. लताबाई (शेजारीण), भुसावळ

भुसावळ, दि. ५ जानेवारी २०२५

कलम सहामधील अट खोडल्यावर सही करण्यासाठी ही जागा सोडली आहे: