तिपटीचा नियम

२ फेब्रुवारी

पाठीमागे आसूडाचा आवाज झाला, त्या क्षणी सगळं बदललं.

आवाज यायलाच नको होता! रेशमी गोंड्यांचा आसूड तो. आमच्या चेटूक-पंथाच्या मंडळात मारत नाहीत त्यानं, नुसता टेकवतात. माझ्या दीक्षेच्या वेळी मला गुदगुल्या झाल्या होत्या. हसलो, तर आमच्या पुजारणीनं, हिलरीनं, डोळे वटारले.

आज माझ्या टेगनची वरची दीक्षा. हिलरीच्या कोठारात, भर दुपारी. बाहेर चिखल, मेंढ्यांची बें-बें. वरच्या दीक्षेला आम्हा खालच्यांना रिंगणात जागा नसते. खडूच्या रेघेबाहेर, दाराकडे तोंड करून राखण करायची. मी दाराच्या फळ्या बघत उभा. आत डेंझिल मंत्र म्हणत होता. आमचा मुख्य पुजारी. एरवी लोकांच्या छपरांवर दगडी कौलं बसवतो, पंजा असा की मानेवर पडला तर मान राहायची नाही. आधी आसूडाचं काहीच ऐकू आलं नाही. मग — सट्! परत सट्! आणि टेगनचा श्वास. किंचाळली नाही. नुसता श्वास, कुणी गार पाण्यात बुडवल्यासारखा.

मी वळलो. ती गुडघ्यांवर, पाठ उघडी, पाठीवर वळ. गोंड्यांना गाठी मारल्या होत्या हरामखोरानं! एका वळातून रक्त. आणि मंडळातले सगळे डोळे मिटून उभे. "संपूर्ण प्रेम, संपूर्ण विश्वास," हिलरी आपली पुटपुटतेय.

मी धावलो. आणि रेघेपाशी थांबलो!!

आखलेलं रिंगण तोडायचं नाही. आत जायचं तर आतल्या कुणीतरी सुरीनं हवेत दार कापायचं, मग जायचं. मी रेघेला चवडे लावून बोंबलत राहिलो — "दार कापा! हिलरी, दार काप ना!" अरे खडूची रेघ ती! कुत्रं शेपटीनं पुसून गेलं असतं. कुणी दार कापलं नाही. तोवर डेंझिलचं उरकलं.

मग परतफेड. आमचा तिपटीचा नियम: चांगलं असो, वाईट असो, जे घेतलं ते तिपटीनं परत जातं. म्हणून ज्यानं फटके घेतले, त्यानं देणाऱ्याला तिप्पट द्यायचे. म्हटलं आता! आता सोलून काढते त्याला. तर टेगननं आसूड त्याच्या पाठीवरून फिरवला — झोपल्या मांजरावरून हात फिरवावा, तसा.



३ फेब्रुवारी

डेंझिल शिडीवर आहे आणि मी शिडी ओढतो. डेंझिल कौलं मोजतोय आणि मी कौल घालतो डोक्यात. दिवसभर डोळ्यांपुढं हेच. आईनं विचारलं, "जोरी, दात का खातोयस?"

४ फेब्रुवारी

टेगनच्या लाँड्रीत गेलो. ती हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती, हात वर गेला की ओठ चावत होती. म्हटलं पाठ दाखव. म्हणाली, "दुकानात? अक्कल गहाण टाकलीस?"

"तो मारत होता तुला."

"दीक्षा माझी होती. पाठ माझी होती. तू का बोंबलतोयस?"

"रक्त आलं, टेगन!"

"आलं. मग? तू तर रेघेवर नाचत होतास. दार कापा, दार कापा!" माझी नक्कल केली. हसली. मग तिचेच डोळे भरले, तर इस्त्री आपटून म्हणाली, "आणि माझ्यासाठी कॉलेज सोडलं म्हणून गावभर सांगणं बंद कर. मी सांगितलं होतं सोड म्हणून?"

नव्हतं सांगितलं. प्लिमथहून दर शुक्रवारी बसनं यायचो, सोमवारी परत जायचो. एका सोमवारी गेलोच नाही. जहाजांची इंजिनं शिकायची राहिली तिकडं. वाटलं होतं, तिच्याबरोबर रिंगणात उभं राहण्यापुढं इंजिनं काय!

खरंच वाटलं होतं. पहिल्यांदा कड्यावर शेकोटीभोवती नाचलो, तिचा हात हातात, खाली समुद्र फुटतोय. हिलरी म्हणाली, "इथं कुणी पापी नाही, पोरा. इथं कुणी कुणाच्या वर नाही." मी रडलो होतो तेव्हा. गाढव.

५ फेब्रुवारी

धक्क्याच्या भिंतीवर मूठ मारली. भिंत जिंकली.

९ फेब्रुवारी

हिलरीकडे गेलो. तिनं केशराचा पाव कापला, वर लोणी थापलं, पुढ्यात ठेवला. मी हात लावला नाही. (वास सुटला होता तरी.)

"कधी कधी आसूडात देव उतरतो, राजा. हात माणसाचा राहत नाही."

"देव उतरला की डेंझिल?"

"हळू बोल. त्याची बायको सोडून गेली नोव्हेंबरात. दुखावलाय तो."

"म्हणून टेगनची पाठ?"

"पाठ भरून येते. मंडळ फुटलं तर भरून येत नाही." असं म्हणाली! चहा ढवळत! आणि मग, अगदी गोड आवाजात — "पोलिसांकडे जायचं मनात असेल, तर जे पाठवशील ते तुझ्याकडे तिपटीनं येईल, एवढं ध्यानात ठेव."

हाच नियम डेंझिलला नाही का लागू? विचारलं. "त्याचं तो भोगेल. आपण कोण?"

आजोबांच्या चर्चमधला पाद्री असाच बोलायचा. तिथं गप्प बसवतात म्हणून मी इथं आलो. इथं झगे काळे आणि चहा पुदिन्याचा, एवढाच फरक. निघताना तिची पावाची बशी फरशीवर फोडली. तिनं नुसता झाडू आणला. त्यानं आणखी डोकं फिरलं.

१७ फेब्रुवारी

मारलं! मारलं त्याला!

संध्याकाळी पबच्या मागच्या अंगणात. तो पिंपावर बसून सायडर पीत होता. मला बघून म्हणाला, "ये रे दारवाल्या. कापू का दार?" बाकीचे हसले. बास. पहिली मूठ नाकावर. हाड मोडल्याचं बोटांना कळलं — चिंबोरीची नांगी फोडावी तसं. ग्लास फुटला. तो उठला, मी परत मारली, तोंडावर. दात माझ्या बोटात रुतला, अजून ठणकतंय. मग त्याचा हात आला. बरगडीत असा बसला की मी पिंपांवर जाऊन पडलो, पिंपं गडगडत उतारावरून रस्त्यावर. त्यानं मला कॉलरनं उचलून भिंतीवर घातलं, मी त्याच्या कानाला कडकडून चावलो. रक्ताची चव खारट, त्याच्या की माझ्या, कोण जाणे. चौघांनी ओढून काढलं.

खाली बसून तो रक्त थुंकला आणि म्हणाला, "तिनं तक्रार केली? नाही ना? मग तू कोण रे?"

घरी आईनं बरगडीवर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी दाबून धरली. "नागडे नाचता, नि वर नियम कसले रे तुमचे?" नागडे नाही आई, झगे असतात. "मग थंडीनं तरी शहाणे व्हा."

खरं लिहू? दुसरी मूठ मारताना बरं वाटलं. फार बरं. टेगन आठवतही नव्हती तेव्हा.

१८ फेब्रुवारी

टेगननं फोन घेतला नाही.

१९ फेब्रुवारी

घेतला नाही.

२४ फेब्रुवारी

धक्क्यावर भेटली. आधी माझी सुजलेली बोटं बघितली, मग म्हणाली, "बरं वाटलं ना?" मी नाही म्हटलं. "खोटारडा."

मग स्वतःहूनच बोलली, समुद्राकडे बघत. "तो थांबेल, थांबेल, असं वाटत होतं. आणि मी ओरडले तर माझीच दीक्षा मोडेल. तीन वर्षं वाट बघितली होती मी." — आणि परतफेडीला का नाही मारलंस? — "मारलं असतं तर आवडलं असतं मला. त्याचीच भीती वाटली."

मी म्हटलं, चल, प्लिमथला जाऊ. खोली बघतो, काम बघतो, इंजिनं परत सुरू करतो. बोलताना तिचा हात धरला होता. तिनं काढून घेतला नाही!

२१ मार्च

दिवसरात्र सारखे होण्याचा सण. मंडळ बसलं, मला बोलावलं. एकेकानं मत दिलं. "जोरीनं शांती भंगली." "जोरीच्या मनात काळोख आहे." "डेंझिल माणूस चांगला." एकानंही टेगनचं नाव घेतलं नाही, आणि ती तिथंच बसलेली! डेंझिलचं नाक वाकडं जुळलंय. तो सबंध वेळ नखातली माती काढत होता.

निवाडा — एक तर कायमचा बाहेर, नाहीतर मे महिन्याच्या सणाला रिंगणात येऊन आसूड घ्यायचा. टेगनच्या हातून.

मी खुर्ची उचलली होती फेकायला. टेगननं नुसती मान हलवली. ठेवली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "घे तू. मग मी येते प्लिमथला."

"आत्ताच चल की!"

"पळून नाही जायचं मला, जोरी. चोरासारखं नाही. सगळं नीट मिटव, मग त्यांच्यादेखत तुझ्याबरोबर निघेन. या लोकांनी मला वाढवलंय. माझी आई गेली तेव्हा हिलरीच होती उशाशी."

डेंझिलपुढं गुडघे टेकायचे! पण तिच्यासाठी टेकीन. तिच्यासाठी समुद्र पिईन.

२ एप्रिल

प्लिमथला खोली पाहिली. खिडकीतून गोदी दिसते. भिंतींना ओल आहे, पण चालेल. कॉलेजवाले म्हणाले, सप्टेंबरात ये.

११ एप्रिल

टेगननं खोलीसाठी पडदे घेतलेत! पिवळे. लाँड्रीतून येताना पिशवी उघडून दाखवली. रस्त्यात तिला उचललं तर ओरडली, "पाठ, पाठ!" अजून दुखते. दोन महिने झाले. अजून!!

रात्री परत तीच शिडी, परत तोच डेंझिल. मी शिडी ओढतो.

२६ एप्रिल

भांडण. मी म्हटलं, सणाला डेंझिलकडे एकदा तरी रोखून बघ, थुंक, काहीतरी कर. "तुला माझ्या पाठीचा सूड हवाय की मी?" म्हणाली. असला कसला प्रश्न! मी दारावर लाथ मारली, बिजागरी निखळली. तिनं स्क्रू-ड्रायव्हर आणला, मला दिला, आणि मी दार बसवेपर्यंत शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "मला तुझी भीती वाटली आत्ता. थोडीच. पण वाटली."

तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. शपथ घेतली. पुन्हा नाही.

३० एप्रिल

बॅग भरली. आईला सांगितलं. तिनं मांस-बटाट्याच्या करंज्या बांधून दिल्या, दोघांना पुरतील अशा. उद्या दुपारी सण, मग बस. झालं!

१ मे

टेगननं गाठी सोडवल्या होत्या. मी गुडघ्यांवर, आसूड पाठीवर टेकत होता की वारा, कळत नव्हतं. मागून हळूच म्हणाली, "संपलंच, राजा."

मग माझी परतफेड. तिपटीनं. हिलरीनं आसूड माझ्या हातात दिला. टेगन वळून बसली, झगा खांद्यावरून उतरवला. वळ अजून दिसतात, पांढरट. समोर डेंझिल डोळे मिटून उभा. मनात म्हटलं, याला तू मांजरासारखं कुरवाळलंस, टेगन. याला!

हलकेच फिरवणार होतो. देवाशप्पथ.

सट्! आणि तिचा तोच श्वास.

कुणी हललं नाही. डेंझिलनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली — घरातला माणूस घरी आल्यासारखी. "आलास," म्हणाला.

टेगन वळली नाही. पाठ तशीच माझ्याकडे, दुसऱ्या फटक्याची वाट बघत.

आसूड खाली ठेवला. बाहेर आलो. कोठाराचं दार लावून घेतलं.